चार इंच खाली!

मित्रांनो, भिंतीवर एकही गाडीचं पोस्टर नाही अशी मेकॅनिकलवाल्याची खोली आपल्या हॉस्टेलमध्ये शोधून दाखवा आणि माझ्याकडून कटिंग चहा मिळवा. माझ्या भिंतीवर तीन वर्षांपासून एक शेवरले सी-१० आहे. १९७२ सालचा अमेरिकन पिकअप, फिकट निळा, मागे लांबलचक हौदा आणि पोट जमिनीला टेकवून बसल्यासारखा. खोलीत येणारा प्रत्येक ज्युनिअर विचारतो, "हा एवढा खाली कसा केला? स्प्रिंग कापल्या की झालं ना?"

नाही, तेवढ्यानं होत नाही, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय. सेकंड इयरला असताना आम्ही तिघांनी एका जुन्या कारच्या पुढच्या स्प्रिंग गॅरेजमध्ये गॅसकटरनं कापून घेतल्या. गाडी झक्कास दिसू लागली. फक्त स्पीडब्रेकरवर दर वेळी 'धाड्' असा आवाज यायचा. चार महिन्यांनी पंक्चर काढणाऱ्या काकांनी चाक फिरवून टायरची आतली बाजू दाखवली. बाहेरून नक्षी शाबूत होती, आतून तारा बाहेर आल्या होत्या. त्याच टायरवर आदल्या रविवारी आम्ही पाच जण घाट उतरून आलो होतो! काका एवढंच म्हणाले, "पोरांनो, इंजिनिअरिंगला आहात ना?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी गाडी ओळखा

१९६७ ते १९७२ या पिढीचा सी-१० अमेरिकेत गाडी खाली आणणाऱ्यांचा लाडका आहे, आणि त्याचं कारण त्याच्या सांगाड्यात आहे. पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल स्प्रिंग. मागे अखंड अ‍ॅक्सल, पण बहुतेक गाड्यांत पाट्यांऐवजी तिथेही कॉइल स्प्रिंगच. अ‍ॅक्सलला पुढे-मागे धरायला दोन लांब आर्म आणि आडवं सरकू नये म्हणून एक पॅनहार्ड रॉड. ही मांडणी इतकी भक्कम, की नासकारच्या सर्वोच्च शर्यतीतल्या गाड्या २०२१ पर्यंत मागच्या बाजूला याच धर्तीचे आर्म वापरत होत्या.

खरेदीआधी साल नक्की बघावं. १९७१ पासून पुढे डिस्क ब्रेक आले आणि सी-१० च्या चाकाचे बोल्ट सहाचे पाच झाले. आधीच्या गाडीचं रिम नंतरच्या गाडीला बसत नाही.

टायर: बाजूवरचे आकडे वाचा

समजा गाडीवर २३५/७५ आर १५ टायर आहेत. २३५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १७६ मिमी. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी. भिंत दोनदा धरून एकूण व्यास ७३३ मिमी.

आता रुबाबासाठी २५५/६० आर १५ घेतले, तर व्यास येतो ६८७ मिमी. त्रिज्या २३ मिमीनं कमी झाली, म्हणजे स्प्रिंगला हात न लावता गाडी जवळजवळ एक इंच खाली आली. पण फुकट काहीच मिळत नाही. स्पीडोमीटर ६० मैल दाखवेल तेव्हा खरा वेग ५६ च्या आसपास असेल, आणि तेवढ्याच खऱ्या वेगाला इंजिन सहा-सात टक्के जास्त फिरेल.

त्याहून महत्त्वाचा आकडा वजनाचा. पहिल्या टायरवर सहसा १०५ हा लोड इंडेक्स असतो, म्हणजे ९२५ किलो. दुसऱ्यावर १०२, म्हणजे ८५० किलो. शिवाय कारचा टायर ट्रकला लावला तर अमेरिकन नियमानुसार या क्षमतेला १.१ ने भागावं लागतं. म्हणजे ८४१ आणि ७७३ किलो. मागच्या दोन टायरचा हिशोब केला, तर सुमारे १३६ किलो क्षमता निव्वळ दिसण्यापायी गेली. हौदा रिकामा फिरवणार असाल तर ठीक. शनिवारी सिमेंटची पोती टाकणार असाल तर पुन्हा विचार करा.

रुंद टायरला रिमही रुंद लागतं. २५५/६० साठी साधारण ७ ते ९ इंच. जुन्या अरुंद रिमवर तो फुग्यासारखा बसतो आणि वळणावर डुलतो.

शेवटचा मुद्दा वयाचा. अशा गाड्या वर्षातून थोड्याच चालतात, त्यामुळे नक्षी नवी आणि रबर म्हातारं, असं होतं. २००० सालापासून टायरवर 'डॉट'पुढच्या मालिकेच्या शेवटी चार आकडे असतात. ३२१४ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षीआधी हे आकडे बघावेत.

स्प्रिंग कापली की काय होतं?

कॉइल स्प्रिंगचं सूत्र आठवा. स्प्रिंगचा ताठपणा कामाच्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ वेढ्यांतला एक कापला, तर स्प्रिंग ८/७ पट, म्हणजे १४ टक्के ताठ होते. हे एका परीनं बरंच, कारण खाली आलेल्या गाडीला दणका झेलायला जागा कमी उरते.

पण तेवढ्यानं पुरतं का? स्प्रिंगनं सोसलेली ऊर्जा दबण्याच्या वर्गावर अवलंबून असते. दबायची जागा निम्मी झाली, तर तीच ऊर्जा सोसायला ताठपणा चौपट लागेल. आपण वाढवला १४ टक्के! उरलेली ऊर्जा रबरी बंपस्टॉप आणि चासी खातात. तोच आमचा 'धाड्'.

गॅसनं कापण्याचा किंवा तापवून बसवण्याचा धोका वेगळा. उष्णतेनं स्प्रिंगचं टेंपरिंग जातं. मग ती हळूहळू आणखी बसते, नाहीतर तुटते. म्हणून त्या गाडीसाठी बनवलेली कमी उंचीची स्प्रिंगच घ्यावी.

आतली बाजू का झिजली?

पुढच्या सस्पेन्शनमध्ये वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब असतो. स्प्रिंग छोटी केली की दोन्ही आर्म नेहमीपेक्षा वरच्या कोनात राहतात. आखूड आर्म बॉल जॉइंटला जास्त आत ओढतो, चाकाचा माथा आत झुकतो आणि टायर आतल्या कडेवर चालतो. यालाच निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. त्यातच टाय रॉडचा कोन बदलतो, आणि खड्ड्यावर चाक आपोआप वळायला बघतं.

यावरचा सुंदर उपाय म्हणजे ड्रॉप स्पिंडल. यात चाकाचा दांडा बॉल जॉइंटच्या तुलनेत वर सरकवलेला असतो. स्प्रिंग तीच, आर्मचे कोन तेच, पण गाडी साधारण अडीच इंच खाली. उरलेला एखादा इंच स्प्रिंगनं काढावा. दोन्हींनंतर अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

मागची बाजू

मागे कमी उंचीची स्प्रिंग घातली की पॅनहार्ड रॉड तिरपा होतो आणि अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. एक चाक मडगार्डला घासतं, दुसरं आत दिसतं. म्हणून कमी-जास्त करता येणारा रॉड लागतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बरही आखूड लागतात.

चार इंचांच्या पुढे गेलं की अ‍ॅक्सल चासीला टेकायला येतो. मग चासीला खालून अर्धगोल खाच पाडतात. खाच म्हणजे बीमची खोली कमी करणं, आणि खोली कमी झाली की वाकण्याचा ताण किती वाढतो ते सॉमच्या पेपरात आपण सगळ्यांनीच लिहिलंय. तिथे जाड पट्टीचा आधार देणं अत्यावश्यक, आणि वेल्डिंग जाणत्या हातानं झालं पाहिजे.

किती खाली?

एक सोपी कसोटी आहे. टायर पूर्ण बसला आणि गाडी रिमवर आली, तरी दुसरा कुठलाही भाग रस्त्याला लागता कामा नये. कॅलिफोर्नियात अनेक दशकं याच धर्तीचा कायदा होता. आपल्याकडे तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. तेव्हा घरच्या गाडीवर प्रयोग नको. हात शिवशिवत असतील तर कॉलेजच्या बाहा टीममध्ये या, तिथे हीच गणितं करायला माणसं कमी पडतात.

गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी स्थिर राहते, हे खरंच. पण तो फायदा चाक रस्त्यावर सरळ टेकलं असेल तरच मिळतो. आमचं टेकलं नव्हतं. तो झिजलेला टायर अजून माझ्या खोलीत पोस्टरखाली आहे. ज्युनिअरनं प्रश्न विचारला की मी आधी त्याला टायरची आतली बाजू बघायला सांगतो.