पापाचे वाटेकरी

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली होती. व्याख्यान झालं, मग चहा-बिस्किटं आली. बेत गोपाळराव जोशींचा. कल्याणला जन्मलेल्या आपल्या बायकोला, आनंदीबाईंना, अमेरिकेत धाडून डॉक्टर करणारे ते हेच गोपाळराव. आनंदीबाई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि गोपाळरावांचा खोडसाळपणा तेवढा शाबूत होता. कुणी चहा प्याले, कुणी कप नुसता तोंडाला लावला, कुणी हातात घेऊन तसाच खाली ठेवला. पुढे ‘पुणेवैभव’मध्ये हजर असलेल्यांची नावं छापून आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, बळवंतराव टिळक होते, आणि मग पुण्यात जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं भांडण, पेटलं ते १८९२ पर्यंत धुमसत राहिलं.

शंकराचार्यांनी शास्त्री नेमले, चौकशी बसली. चौकशीचा रोख सगळा वस्तूवर. चहा पोटात गेला का? बिस्किट खाल्लं का? आणि दोषी ठरलेल्यांच्या पंक्तीला नंतर कोण कोण बसलं? म्हणजे ज्यानं त्या मिशनचं तोंडही पाहिलं नव्हतं, तोही जेवणाच्या पानावरून वाटेकरी. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगून बाजू लढवली. रानड्यांनी अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं ते मित्रांच्या घरची कुचंबणा पाहवेना म्हणून. त्यांच्या अनुयायांना ते लागलं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. मनात काय होतं, हा प्रश्न मात्र त्या सगळ्या चौकशीत कुणाला महत्त्वाचा वाटला नाही.

गंमत अशी की ज्या आवारात हा चहा झाला, तिथल्या पाद्र्यांच्या धर्मशास्त्रात नेमका तोच प्रश्न पहिला. पंचहौदमध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या अँग्लिकन पंथाचे फादर होते आणि वाँटेज इथल्या मठाच्या सिस्टर्स. या परंपरेत पापकबुलीला, कन्फेशनला, मान होता. कॅथलिक शिकवण तर अगदी काटेकोर आहे. कृत्य आत्म्याला मारणारं ‘महापाप’ ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पुरती जाण हवी, आणि जाणूनबुजून दिलेली संमती हवी. तिन्हींतली एक जरी नसली तरी दोष हलका होतो. नकळत प्यालेला चहा तिथे खटल्यालाच उभा राहिला नसता. उलट जो चहाला शिवलाही नाही, पण शेजाऱ्याची फजिती होणार म्हणून मनातल्या मनात खूश झाला, त्याला कबुलीच्या खिडकीपाशी गुडघे टेकावे लागले असते.

पाप हातातून उचलून मनात नेण्याचं हे काम फार जुनं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या तपस्व्यानं माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. विचारांची, कृत्यांची नव्हे. त्यातला एक भर दुपारी येणारा कंटाळा. ऊन हलत नाही, प्रार्थनेत मन लागत नाही आणि राहती जागा नकोशी वाटू लागते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरींनी ही यादी घोटून सातावर आणली आणि गर्वाला साऱ्यांची जननी ठरवलं. आपले षड्रिपू शेजारी ठेवले तर क्रोध, लोभ, मत्सर दोन्हीकडे सापडतात. खादाडपणा आणि आळस यांना मात्र आपण शत्रूचा दर्जा दिलेला नाही. दिवाळीच्या फराळावर बसून हे लिहिताना तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

सद्गुणांची जमवाजमव अशीच दोन घरांतून झाली. शहाणपण, न्याय, धैर्य, संयम हे चार प्लेटोच्या ग्रीसमधून आले. विश्वास, आशा, प्रीती हे तीन संत पौलाच्या पत्रातून. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं ते एका चौकटीत बसवले. पहिले चार सवयीनं कमावता येतात, शेवटचे तीन देव देतो. कमावण्याला इथे मर्यादा पडते, आणि आपल्याकडच्या पुण्यसंचयाच्या कल्पनेशी ख्रिस्ती विचाराचा खरा खटका उडतो तोही इथेच. पाप एका रकान्यात, पुण्य दुसऱ्यात, आणि शेवटी वजाबाकी, असं तिथे चालत नाही. सोळाव्या शतकात पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकायला निघालेल्या चर्चवर ल्यूथर उठला तो याच कारणानं.

आपल्याकडे हिशेब किती ऐसपैस असू शकतो ते महाशिवरात्रीला कळतं. अंबरनाथच्या शिवमंदिराभोवती त्या दिवशी मोठी यात्रा भरते. शक ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला शिलालेख इथे आहे. मंडपातून पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात जावं लागतं. रांगेतल्या बऱ्याच जणांना श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’तला व्याध ठाऊक असतो. शिकारीसाठी रात्रभर झाडावर बसलेला, चाळा म्हणून पानं तोडून खाली टाकणारा. झाड बेलाचं निघतं, खाली पिंड निघते, उपास तर शिकार न मिळाल्यानं आपोआप घडलेला. झालं, जन्माची पापं धुतली. एव्हाग्रियसला ही कथा सांगितली असती तर त्यानं डोक्याला हात लावला असता. जाण नाही, संमती नाही, आणि तरी तरला! मला मात्र त्या व्याधाच्या नशिबात ख्रिस्ती कृपेची एक छटा दिसते, कारण त्यानंही काही कमावलेलं नव्हतं. २०१८ मध्ये १३ फेब्रुवारीला महाशिवरात्र आली आणि दुसऱ्याच दिवशी ख्रिस्ती उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार. एका दिवशी शिवभक्तांच्या कपाळाला भस्म, दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती कपाळांवर राखेचा क्रूस. अंबरनाथ-कल्याणच्या या पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती तुरळक नाही. १९८८ मध्ये सीरो-मलबार चर्चनं इथल्या केरळी भाविकांसाठी जो धर्मप्रांत केला त्याला नावच कल्याणचं दिलं.

पापाची ही ख्रिस्ती शिकवण मराठीत पहिल्यांदा ऐसपैस सांगितली ती थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं, १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त, दहा हजारांवर ओव्यांमध्ये. आदमच्या एका चुकीची थकबाकी साऱ्या मानवजातीवर कशी चढली, हे पुराणिकाच्या थाटात सांगणारा हा ग्रंथ आहे. पण गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसलेलं होतं. धाकाच्या छायेत सांगितलेल्या क्षमेचं मोल करणं अवघड जातं, म्हणून तिथे मी रेंगाळत नाही.

आदमच्या पापात सगळे वाटेकरी; आपल्याला मात्र लहानपणी सांगितला जातो तो वाल्या कोळी. नारद विचारतात, तुझ्या पापात बायकामुलं वाटेकरी आहेत का? तो घरी जाऊन विचारतो आणि सगळे हात वर करतात. ज्याचं त्यानं भोगावं. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात हा न्याय सर्वांत निर्दयपणे कुणाला लागू झाला असेल तर तो विधवेला. नवरा पटकीनं मेला तरी तिनं त्याला गिळलं. नऊ वर्षांची पोर असली तर या जन्मी पाप करायला तिला सवडच मिळालेली नसे; मग मागचा जन्म पुढे यायचा. केस जायचे, आलवण यायचं, मंगलकार्यात तोंड दाखवायची चोरी. आणि घरातल्याच कुणी तिला नादावलं तर ते पापही तिचंच. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते यामुळे.

पंडिता रमाबाईंनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’मध्ये १८८७ साली हा मागच्या जन्माचा न्याय इंग्रजी वाचकांपुढे मांडला. पुण्यसंचयाची चोपडी त्यांनी घरातच रिकामी होताना पाहिली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे गावोगाव, तीर्थोतीर्थी पुराणं सांगत हिंडले. मिळालं ते दानधर्मात, व्रतांत, ब्राह्मणभोजनांत गेलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात अन्नावाचून आधी वडील आणि पाठोपाठ आई गेली. इतकं पुण्य गाठीला असलेल्या माणसांचं असं व्हावं, हा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलीच्या मनात रुतून बसला.

पुढे १८८२ मध्ये नवरा गेला, आणि कडेवरच्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या पुण्यात आल्या. तिथे त्यांची ओळख पंचहौदच्याच सिस्टर्सशी झाली आणि १८८३ मध्ये त्या वाँटेजला पोचल्या. त्या मठाच्या मंडळींनी त्यांना लंडनला फुलहॅममधलं आश्रयस्थान दाखवलं. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बाया तिथे राहत, आणि सिस्टर्स त्यांची शुश्रूषा करत. रमाबाईंनी नंतर आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवलं की असल्या स्त्रियांशी कुणी मायेनं वागतं हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. शास्त्रांत त्यांनी वाचली होती ती शिक्षाच. हे लोक असं का करतात, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली बाई. यहुदी ज्यांच्या भांड्याला शिवत नसत अशा जमातीची. आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. पुण्यातल्या चहाचं रामायण पुढे सात वर्षांनी घडायचं होतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

माझ्या वाचनात रमाबाईंच्या या पावलामागे पुरेसं न पाहिलेलं एक कारण आहे. सगळेच पापी आहेत ही शिकवण बहुतेकांना माणसाला खाली ओढणारी वाटते. रानड्यांच्या प्रार्थनासमाजालाही ती पसंत नव्हती. पण जिला जन्मभर ‘तूच तेवढी पापिणी’ असं ऐकवलं गेलं, तिच्या कानाला ते वाक्य कसं लागलं असेल? शास्त्री पापी, सासरा पापी, मठातली सिस्टर पापी, इंग्लंडची राणी पापी. वाटेकरी सगळे निघाले की खास मक्ता कुणाकडे उरत नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं तेव्हा पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई होत्या. चार वर्षांनी त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बाया उचलून आणल्या, त्यातून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं, आणि तिथेच फुलहॅमची आठवण म्हणावी असं कृपा सदन. टाकलेल्या, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी.

तरी ‘सगळेच पापी’ या हत्याराला दोन्हीकडून धार होती. रमाबाईंनी चर्चच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, त्रैक्याबद्दल शंका काढल्या, मनोरमेला काय शिकवायचं ते आपण ठरवणार म्हणाल्या; त्याबरोबर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनच्या पत्रांत गर्वाचा आरोप आला. यादीतलं पहिलं पाप! मनोरमा ज्यांना ‘आजीबाई’ म्हणायची त्या या सिस्टर. रमाबाईंनी उलट लिहिलं की ब्राह्मण भटांचं जू आत्ताच कुठे मानेवरून काढलं आहे, तसलंच दुसरं मी घेणार नाही. १९७७ मध्ये छापून आलेला हा पत्रव्यवहार वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. गर्व हा दोष बिशपवर कुणी ठेवत नाही. तो नेहमी उत्तर देणाऱ्याच्या पदरात पडतो.

आणि १९०५ चा जून. मुक्तीत प्रार्थनेची लाट आली. मुली रात्र-रात्र रडत होत्या, आपली पापं मोठ्यानं कबूल करत होत्या. मिनी अब्रॅम्स यांनी त्याची हकिकत जगभर पोचवली आणि पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचं नाव कायमचं लागलं. त्या मुलींच्या अनुभवावर शंका घ्यायचा मला अधिकार नाही. पण दुष्काळात आई-बाप गमावलेल्या पोरीनं कशाबद्दल ऊर बडवायचा? तिला उपाशी ठेवणाऱ्या सावकारानं आणि सारा वसूल करणाऱ्या सरकारनं रडायला हवं होतं, आणि ते दोघे त्या मंडपात नव्हते.

हा प्रश्न ख्रिस्ती विचारात उशिरा आला, पण आला. लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांनी १९६८ मध्ये मेडेयीनच्या परिषदेत अन्यायी व्यवस्थेलाच पाप ठरवलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ च्या पत्रात ‘सामाजिक पाप’ ही कल्पना मान्य केली, मात्र ती अनेकांच्या वैयक्तिक पापांची रास आहे असं सांगून जबाबदारी पुन्हा माणसांवर आणून ठेवली. आपल्याकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच सुमारास हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले. बिल्डर आणि गुंडांच्या विरोधात बोलणारा पाद्री पाहून तिथल्या काही भाविकांचीही पंचाईत झाली, कारण जमिनी विकणाऱ्यांत तेही होते.

जुन्या कॅथलिक प्रश्नोत्तरीत एक यादी असते. हल्ली ती फारशी कुणी पाठ करत नाही. दुसऱ्याच्या पापात वाटेकरी होण्याचे नऊ मार्ग. सल्ला देणं, हुकूम सोडणं, रुकार देणं, चिथावणं, वाहवा करणं, लपवणं, नफ्यात हिस्सा घेणं, गप्प बसणं, केलेल्या वाइटाची बाजू घेणं. ही यादी लावून पाहायला जवळचंच उदाहरण घेऊ. अंबरनाथच्या शिवमंदिरालगत वाहणारी वालधुनी नदी खाली उल्हासनगरात शिरते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस तिथे वडोल गावाजवळ या नदीत कुणीतरी रसायनांचा टँकर रिकामा केला. त्या वायूनं शेकडो लोकांना श्वास घेता येईना, इस्पितळं भरली. टँकरवाल्याला महापापाच्या तिन्ही अटी लावून पाहता येतील. बाब गंभीर, यात वाद नाही. जाण किती होती आणि संमती की पोटासाठी मान डोलावणं, हे कबुली ऐकणाऱ्या फादरनं ठरवावं. पण माल कुठे ओतायचा हे न विचारता भाडं चुकतं करणारा या नऊंच्या यादीत हुकूम आणि नफा अशा दोन घरांत बसतो. टँकर येताना पाहून शटर खाली ओढणारा, आणि नदीला इतकी वर्षं नाला म्हणत पुलावरून नाक दाबून जाणारे आपण लोकल-प्रवासी, आठव्यात.