तरंगत्या पाहुण्यांचे ओझे

२००० सालच्या अखेरीस तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी विश्रांतीसाठी केरळमधील कुमारकोम येथे, वेंबनाड सरोवराच्या काठी, काही दिवस राहिले होते. तेथून त्यांनी लिहिलेला लेख पाकिस्तान आणि अयोध्या या दोन प्रश्नांविषयी होता. राजकीय वर्तुळात त्याची चर्चा पुढे बराच काळ होत राहिली. कुमारकोमला मात्र त्या मुक्कामातून वेगळेच काही मिळाले. पाण्याच्या काठी स्वस्थ बसून राहणे ही देशातील सुखवस्तू मध्यमवर्गाच्या सुट्टीची नवी कल्पना होऊन बसली. २०२३ च्या वसंतात जी-२० देशांच्या शेर्पांची बैठकही याच गावात भरली. या दोन घटनांच्या दरम्यानच्या काळात सरोवरावर किती ओझे पडले, हा प्रश्न दोन्ही वेळी फारसा कोणी विचारला नाही.

वेंबनाड-कोल ही देशातील मोठ्या पाणथळ प्रदेशांपैकी एक. २००२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून तिची नोंद झाली. नोंदलेले क्षेत्र सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर आहे. अनेक नद्या येथे येऊन मिळतात, समुद्राची भरती कोचीच्या मुखातून आत शिरते आणि दक्षिणेकडील कुट्टनाडात समुद्रपातळीच्या खाली, काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत खोल असलेल्या शेतांत बांध घालून भात पिकवला जातो. येथील जमीनही माणसाने पाण्यातून काढलेली आहे. कुमारकोमचे पक्षी अभयारण्यसुद्धा एकोणिसाव्या शतकात बेकर या इंग्रज कुटुंबाने सरोवरात भर घालून तयार केलेल्या मळ्यावर वसले आहे. त्यामुळे ‘निसर्ग जसा होता तसा ठेवा’ असे सांगणाऱ्याने येथे आधी कोणत्या काळचा निसर्ग, ते सांगावे लागते.

एवढे मात्र निर्विवाद की सरोवर आक्रसले आहे. केरळ मत्स्य व महासागर अध्ययन विद्यापीठाच्या अभ्यासानुसार गेल्या सुमारे १२० वर्षांत त्याची पाणी धारण करण्याची क्षमता तब्बल ८५ टक्क्यांनी घटली. भराव आणि गाळ ही त्याची मुख्य कारणे; यात पर्यटनाचा दोष थोडा. पण त्यामुळेच आजच्या पाहुण्याचा भार पूर्वीपेक्षा कितीतरी उथळ पाण्यावर पडतो.

या पाहुण्याचे रूप गेल्या तीन दशकांत पालटले. आधी आला तो ‘केट्टुवळ्ळम’. खिळा न वापरता, काथ्याच्या दोराने फळ्या बांधून केलेली ही मालवाहू नाव तांदूळ आणि मसाले वाहत असे. रस्ते झाले, ट्रक आले आणि ती निरुपयोगी ठरली. १९९० च्या दशकात तिच्यावर शयनगृहे चढवून तिची हाऊसबोट झाली. मरणपंथाला लागलेल्या कारागिरीला नवे आयुष्य मिळाले, ही त्यातील चांगली बाजू नाकारता येत नाही. पुढे वातानुकूलन आले, मजले चढले, जनित्रांची घरघर सुरू झाली. अलीकडे त्यात कायाक, पॅडलबोर्ड आणि भातशेतीच्या बांधावर ठोकलेले तंबू यांची भर पडली आहे. शहरातला तरुण पर्यटक बंद खोलीला कंटाळला आहे. त्याला पहाटे पाण्यावर धुके पाहायचे असते. ही ओढ निर्मळ आहे, पण तिचे पाण्यावर होणारे परिणाम मोजणारी व्यवस्था अद्याप तोकडी आहे.

आपला कायदा जमिनीत पाया असलेल्या वस्तूंकडे पाहण्यात तरबेज आहे. पाणावळ्ळी पंचायतीतील नेडियतुरुत बेटावरचा कॅपिको रिसॉर्ट हे त्याचे ठळक उदाहरण. ५४ व्हिलांचा हा प्रकल्प किनारी नियमन क्षेत्राचे नियम मोडून उभा राहिला. त्याविरुद्ध उभे ठाकले ते स्थानिक मच्छीमार. त्यांची तक्रार सौंदर्याची नव्हती, पाण्यात खांब रोवून लावलेल्या जाळ्यांच्या पिढीजात जागा गेल्याची होती. केरळ उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पाडकामाचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तो कायम केला, प्रत्यक्ष हातोडा पडला सप्टेंबर २०२२ मध्ये. उच्च न्यायालयाच्या आदेशापासून नऊ वर्षे! तरीही शेवटी इमारती पडल्या, कारण त्या जागेवरून हलू शकत नव्हत्या.

जे हलू शकते, त्याचे काय? २०१७ चे पाणथळ प्रदेश नियम पूररेषेपासून ५० मीटरच्या आत ‘कायमस्वरूपी’ बांधकामाला मनाई करतात आणि त्यातून बोटींचे धक्के वगळतात. भातखाचरे पाणथळीच्या व्याख्येत येत नाहीत. किनारी नियमन क्षेत्रात मोडणारा भागही या नियमांबाहेर ठेवलेला आहे. किनारी नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेने तर मंजूर आराखड्यात नोंद असल्यास खारफुटीतील फेरफटके, वृक्षकुटी आणि निसर्गवाटा यांना अतिसंवेदनशील पट्ट्यातही वाव दिला. या तरतुदी सुट्या सुट्या वाचल्या तर समंजस वाटतात. एकत्र वाचल्या की लक्षात येते, तंबू कायमस्वरूपी नाही, हाऊसबोट बांधकाम नाही आणि बांध तर शेतीचा आहे. प्रत्येकाचे खाते निराळे, आणि सरोवर मात्र एकच.

हा केवळ तर्काचा खेळ नाही. कोझिकोडच्या जलसंपदा विकास व व्यवस्थापन केंद्राने सुमारे दशकापूर्वी केलेल्या अभ्यासात वेंबनाडची वहनक्षमता २६२ हाऊसबोटींची ठरवली होती. तेव्हाच तेथे सातशेहून अधिक बोटी फिरत होत्या. मार्च २०२३ मध्ये वेंबनाड आणि अष्टमुडी या सरोवरांचे प्रदूषण रोखण्यात अपयश आल्याबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने केरळ सरकारला दहा कोटी रुपये भरण्यास सांगितले. त्याच वर्षी ७ मे रोजी, वेंबनाडपासून बरेच दूर मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे, मासेमारीच्या नावेत फेरफार करून बनवलेली पर्यटक बोट उलटली आणि २२ जण बुडाले. त्यात बरीच मुले होती. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. तरंगत्या वस्तूंवर देखरेख सैल असते, तिची किंमत कधी पाणी मोजते, कधी माणसे.

मला या सगळ्यात सर्वाधिक महत्त्वाची वाटते ती तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याची गोष्ट, जी पर्यटनाच्या चर्चेत क्वचितच येते. १९७० च्या दशकात बांधलेला हा बंधारा उन्हाळी भाताला खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी आहे. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून त्याचे दरवाजे बंद होतात आणि मार्चच्या मध्यानंतर ते उघडणे अपेक्षित असते. या काळात बंधाऱ्याच्या दक्षिणेकडील पाण्याला भरती-ओहोटीची धुलाई मिळत नाही, ते साचून राहते. काळे शिंपले आणि खाऱ्या-गोड्या पाण्यात ये-जा करणारे मासे यांची वाढ त्याने खुंटते, हे मच्छीमार कित्येक वर्षे सांगत आहेत. आता दिनदर्शिका पाहावी. नाताळ, नववर्ष, शाळांच्या सुट्ट्या, उत्तरेतील थंडी: पर्यटकांचा ऐन हंगाम नेमका याच बंद दरवाजांच्या तीन महिन्यांत येतो. स्थलांतरित पक्षीही याच काळात उतरतात. सरोवराची स्वतःला धुऊन घेण्याची शक्ती जेव्हा सर्वांत कमी असते, तेव्हाच त्यावर मुक्काम करणाऱ्यांची संख्या सर्वाधिक. वर्षभराची एकच वहनक्षमता ठरवणारा कोणताही आकडा, तो २६२ असो वा आणखी काही, म्हणूनच अपुरा आहे. मार्यादा ऋतूनुसार हवी. जानेवारीत एक, ऑगस्टमध्ये दुसरी.

असे काही करणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना वेंबनाडच उत्तर देते. हाऊसबोटींनी संध्याकाळी साडेपाचनंतर चालायचे नाही, कारण रात्रीचे पाणी जाळ्यांचे, हा दंडक तेथे वर्षानुवर्षे रुळलेला आहे. बोटी काठाला लागतात आणि सरोवर मच्छीमारांकडे जाते. पर्यटकाची यात काहीही हानी होत नाही. सूर्यास्त त्याला तसाही बसूनच पाहायचा असतो. एकाच पाण्याची वेळेनुसार वाटणी करता येते, याचा हा चालता-बोलता पुरावा आहे. मच्छीमारांनी पर्यावरण संस्थांच्या साथीने सरोवरात माशांसाठी राखीव जागाही निर्माण केल्या आहेत. कुमारकोम पंचायतीत २००८ च्या सुमारास सुरू झालेल्या जबाबदार पर्यटनाच्या प्रयोगात हॉटेलांनी कुडुंबश्रीच्या महिला गटांकडून भाजीपाला घ्यायला सुरुवात केली. पैसा गावात राहिला, हे मोठेच यश. पण पैशाची वाटणी झाली म्हणून पाण्याचा निर्णय गावाच्या हाती आला असे होत नाही.

लहान नावांचे पर्यटनही आपोआप निर्दोष ठरत नाही. कोल्लमजवळ अष्टमुडीतील मुन्रो बेटावर स्थानिक नावाडी पर्यटकांना बांबूने ढकलत अरुंद कालव्यांतून फिरवतात. जनित्र नाही, आवाज नाही. मात्र त्याच बेटावर भरतीचे पाणी घरांत शिरते आणि जोती खचतात. छायाचित्रातला पाण्यात उभा असलेला उंबरठा कोणाच्या तरी घराचा असतो. काठावरच्या बायका याच कालव्यांत भांडी घासतात, मुले शाळेत जायला याच नावा धरतात. तेथे कायाकच्या रांगा कधी आणि किती असाव्यात, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्यांचा.

हा प्रश्न केरळपुरता उरलेला नाही. देशात आज ऐंशीहून अधिक रामसर स्थळे आहेत आणि केंद्राच्या ‘अमृत धरोहर’ या २०२३ मधील उपक्रमाने त्यांच्या जतनाबरोबर तेथे निसर्ग पर्यटन वाढवणे हेही उद्दिष्ट ठेवले आहे. चिलिकापासून आपल्याकडच्या ठाणे खाडीपर्यंत तंबू, नावा आणि मचाणे येतील. त्यांच्या आराखड्यांत धक्के, उपाहारगृहे आणि स्वच्छतागृहे यांची संख्या असेलच. त्याआधी एक तक्ता हवा, त्या पाण्यावर कोणत्या महिन्यात कोण काय करतो याचा.

वेंबनाडमध्ये असा तक्ता तयार करायचा झाला तर पहिली नोंद बंधाऱ्याच्या दरवाजांची करावी लागेल. ते कधी उघडायचे, यावर भातशेतकरी आणि मच्छीमार यांच्यात वर्षानुवर्षे वाद रंगतो आणि तारीख बहुधा पुढे सरकते. ज्यांच्या मुक्कामाचा मैला त्या साचलेल्या पाण्यात मिसळतो, त्या हाऊसबोट आणि तंबू व्यावसायिकांनाही त्या बैठकीत बोलावले पाहिजे, आणि बैठकीत खुर्ची हवी असेल तर दरवाजे बंद असतानाच्या महिन्यांत रात्रीच्या मुक्कामांची संख्या कमी करण्याची अटही त्यांनी मान्य केली पाहिजे.