१० पैकी २, मग १० पैकी ८: 'द फ्रॅजाइल'बद्दलची मतं कशी वाचायची?

इंडस्ट्रियल रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असं इथे बसलेल्या काही जणांचं मत असणार. असू द्या. आज आपल्याला त्या गोंगाटाइतकंच त्याच्याबद्दलच्या मतांकडे बघायचं आहे, आणि त्यासाठी मी एकच आल्बम निवडला आहे. नाईन इंच नेल्सचा 'द फ्रॅजाइल', प्रकाशन सप्टेंबर १९९९.

'पिचफोर्क' या अमेरिकी संगीतविषयक प्रकाशनाने तेव्हा त्याला १० पैकी २ गुण दिले. त्याच वर्षाअखेरीस 'स्पिन' मासिकाने त्यालाच वर्षातला सर्वोत्तम आल्बम ठरवलं. आणि २०१७ मध्ये पुन्हा पिचफोर्कनेच, दुसऱ्या समीक्षकाच्या हातून, त्याला ८ च्या वर गुण दिले. आल्बम मुळात तोच. मग बदललं काय? आणि आपण श्रोत्यांनी विश्वास कुणावर ठेवायचा?

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण सगळ्यांना हे संगीत परिचयाचं असेलच असं नाही. 'इंडस्ट्रियल' हा शब्द आला ब्रिटनमधून. थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने १९७६ मध्ये स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, तिचं नाव 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स'. यंत्रांचे आवाज, टेपचे तुकडे, विकृत केलेला ध्वनी हे त्यांचं साहित्य. पुढे बर्लिनच्या आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेनने तर ड्रिल आणि पत्रे थेट रंगमंचावर आणले. अमेरिकेत ट्रेंट रेझ्नरने या आवाजांना गाण्याची चाल दिली. नाईन इंच नेल्स हे नाव बँडचं असलं तरी त्या काळात स्टुडिओतला कर्ता मुख्यतः तो एकटाच. १९९४ मध्ये त्याचा 'द डाउनवर्ड स्पायरल' आला. एक माणूस पायरी पायरीने स्वतःचा नाश करून घेतो, असा त्याचा सरळ उतरता आलेख. अमेरिकेत त्याला चार वेळा प्लॅटिनमचं प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे ४० लाख प्रती.

त्यानंतर साडेपाच वर्षं नवा आल्बम नाही. मधल्या काळात, ज्या आजीने त्याला वाढवलं ती गेली. व्यसन होतंच. न्यू ऑर्लीन्समध्ये एका जुन्या अंत्यविधीगृहात त्याचा स्टुडिओ होता, तिथे अॅलन मोल्डर या निर्मात्याबरोबर काम चाललं. साहित्य इतकं साठलं की त्याचा क्रमच लागेना. शेवटी बॉब एझ्रिनला बोलावलं. पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'च्या निर्मात्यांपैकी हा एक. त्याने क्रम लावायला मदत केली. तयार झाला दोन सीडींचा संच, 'लेफ्ट' आणि 'राइट'. २३ तुकडे आणि शंभर मिनिटांहून जास्त संगीत.

आता आकडे बघू. पहिल्या आठवड्यात सुमारे २ लाख २८ हजार प्रती खपल्या आणि आल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट पहिला आला. दुसऱ्या आठवड्यात? सोळावा. पहिल्या क्रमांकावरून इतकी मोठी घसरण तोवर झाली नव्हती. तेव्हा याचा सरळ अर्थ लावला गेला की लोकांनी आल्बम नाकारला.

पण जरा थांबा. पहिल्या आठवड्यात विकत कोण घेतं? जो साडेपाच वर्षं वाट बघत होता तो. त्याने नवा आल्बम अजून ऐकलेलाच नाही. म्हणजे पहिल्या आठवड्याची विक्री हे खरं तर आधीच्या आल्बमवरचं मत असतं! दुसऱ्या आठवड्यापासून येतो तो रेडिओवर ऐकून दुकानात जाणारा माणूस. आणि रेडिओसाठी रेझ्नरने काय दिलं होतं? पहिलं गाणं 'द डे द वर्ल्ड वेंट अवे', ज्यात ड्रम्सच नाहीत. दुसरं 'वी आर इन धिस टुगेदर', मूळ आल्बमवर सात मिनिटांहून लांब. रेडिओवर सतत वाजायला दोन्ही गैरसोयीची. तेव्हा पहिला क्रमांक आणि सोळावा क्रमांक, दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यातला एकही आल्बम कसा आहे ते सांगत नाही.

बरं, समीक्षकांचं काय? त्यांचे आक्षेप मुख्यतः दोन होते. एक, फार लांबण. दोन, शब्द पोरकट आणि स्वतःची कीव करणारे. पिचफोर्कच्या त्या पहिल्या परीक्षणात शब्दांची चांगलीच टर उडवली होती.

लांबीचा आक्षेप समजून घ्यायचा तर 'कॉन्सेप्ट' इथे कुठे आहे ते बघावं लागतं. या आल्बमला गोष्ट नाही, नायक नाही. मोडणं, सावरू बघणं आणि पुन्हा मोडणं ही एक अवस्था आहे, आणि ती सांधलेली आहे सुरावटींनी. तिसरा तुकडा 'द फ्रेल', नुसता पियानो. त्याचीच सुरावट सहाव्या क्रमांकावर, 'द फ्रॅजाइल' या शीर्षकगीतात परत येते. पहिल्या सीडीच्या शेवटाजवळ 'ला मेर' आहे, अगदी शांत. त्याचीच सुरावट दुसऱ्या सीडीवर 'इनटू द व्हॉइड'मध्ये येते, पण आता खाली नाचता येईल असा ठेका आहे. आपल्याकडे ख्यालात मुखडा परत आला की श्रोता मान डोलावतो, कारण तो त्याची वाटच बघत असतो. इथे मात्र मुखडा कधी चाळीस सेकंदांनी नाही, तर कितीतरी मिनिटांनी, दुसरे कपडे घालून येतो. पहिल्या ऐकण्यात तो ओळखू येणं कठीण. मग राहतं काय? लांबण! मुदतीत परीक्षण देणाऱ्या समीक्षकाला ती जाणवली यात नवल नाही.

शब्दांबद्दलचा आक्षेप वेगळा आहे. माझ्या मते तो आजही खोडला गेलेला नाही. यमकं सोपी आहेत, 'मी' आणि 'तू' यांच्या बाहेर फारसं काही जात नाही. दहा वेळा ऐकलं म्हणून शब्द सुधारत नाहीत.

मग २०१७ पर्यंत काय झालं? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, शेजार बदलला. १९९९ मध्ये लिंप बिझ्किट, कॉर्न अशा न्यू मेटल गटांची चलती होती. चिडलेला, ओरडणारा तरुण हा प्रकार कानांना नकोसा झाला होता आणि रेझ्नरही त्याच फळीवर ठेवला गेला. ती लाट ओसरल्यावर याचं वेगळेपण दिसलं.

दुसरी, रेझ्नरचं पुढचं काम. 'द सोशल नेटवर्क' या २०१० च्या चित्रपटाच्या संगीतासाठी त्याला आणि अॅटिकस रॉसला ऑस्कर मिळालं. त्यानंतर मागे वळून बघितलं की 'द फ्रॅजाइल'मधले सहा-सात जवळजवळ शब्दहीन तुकडे भरताड वाटत नाहीत. पुढच्या चित्रपट-संगीताची ती तयारी वाटते. रेझ्नरने स्वतः २०१६ मध्ये या आल्बमची वाद्यसंगीत आवृत्ती काढली, हेही बोलकं आहे.

तिसरी गोष्ट जरा अडचणीची आहे. १९९९ मध्ये जो सोळा वर्षांचा होता तो २०१७ मध्ये चौतीसचा झाला. त्यातले काही आता समीक्षकाच्या खुर्चीत आहेत. आणि ज्यांना आल्बम आवडला नव्हता ते? ते अठरा वर्षांनी पुन्हा सांगायला येत नाहीत. परत येतो तो प्रेम करणारा. म्हणजे १९९९ चं मत घाईचं होतं हे खरं, पण २०१७ च्या मतातही एक गाळण झालेली आहे. 'काळाने न्याय केला' असं आपण सहज म्हणून जातो. काळ न्याय करत नाही हो, तो मतदारयादी बदलतो.

इथे एक प्रश्न आला आहे: "मग खरं मत कोणतं धरायचं?" चांगला प्रश्न. मी गुण बघत नाही. त्या मताने आल्बममधल्या एखाद्या जागेवर बोट ठेवलंय का, ते बघतो. अमुक तुकडा, अमुक वळण, इथे ठेका तुटतो, इथे सूर परत येतो. परीक्षणातलं कलाकाराचं नाव खोडून दुसरं घातलं आणि तरी ते तसंच लागू पडलं, तर ते आल्बमबद्दल नाही. मग ते २ गुणांचं असो की ८ गुणांचं. शब्दांना नावं ठेवणारं १९९९ चं परीक्षण या कसोटीला काही प्रमाणात उतरतं. आणि 'हा तर काळाच्या पुढचा आल्बम' एवढंच म्हणणारी आजची कित्येक कौतुकं उतरत नाहीत.

घरी गेल्यावर एवढं करा. पूर्ण शंभर मिनिटं नकोत. 'द फ्रेल' ऐका, लगेच 'द फ्रॅजाइल' ऐका. मग 'ला मेर' आणि त्यामागे 'इनटू द व्हॉइड'. वीसेक मिनिटांत होईल. परत येणारी सुरावट ओळखू आली आणि तरीही आल्बम आवडला नाही, तर बिनदिक्कत तसं सांगा. ते मत तुमचं असेल, आणि इतरांच्याही उपयोगाचं असेल.