साहेब बदलून गेले, मुलांच्या अभ्यासाचे काय?

2020 च्या जून महिन्यातली गोष्ट. विहाराच्या ओट्यावर आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते तोंडाला रुमाल बांधून धान्याच्या पिशव्या भरत होतो. वस्तीतली एक उपासिका आली आणि म्हणाली, "दादा, शाळेनं मोबाईलवर अभ्यास धाडलाय म्हणं. मोबाईल तर ह्यांच्यासंगं कामावर जातो. रात्री ते आल्यावर लेकरांनी अभ्यास करायचा का झोपायचं?" नवरा सफाई कामगार. टाळेबंदीतही त्याला सुट्टी नव्हती. घरात शिकणारी मुले तीन, मोबाईल एक, आणि त्याचेही रिचार्ज संपलेले.

आम्ही शाळेत गेलो. "ग्रुपवर पाठवले आहे," असे उत्तर मिळाले. मग ज्यांच्याकडे मोबाईल नाही अशा मुलांची यादी करून दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तर यादी घेणारे मुख्याध्यापक बदलून गेलेले आणि नव्या बाईंना यादीचा पत्ताच नाही. त्यांचा तरी काय दोष? यादी साहेबांच्या टेबलावर होती. साहेबांबरोबर टेबलही आवरले गेले.

हे आपल्याच नशिबी येते असे आम्हाला वाटत असे. पण विश्वभूषण बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात ज्या शहरात शिकले, त्या न्यूयॉर्कमध्ये त्याच वर्षात काय घडले ते वाचले आणि आम्ही चकित झालो. कोलंबिया विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम ही काळ्या लोकांची मोठी वस्ती. त्या लोकांचा लढा बाबासाहेब पुढेही विसरले नाहीत. 1946 मध्ये त्यांनी काळ्या जनतेचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिले होते. म्हणून तिकडची हकीकत आपल्या घरात सांगण्यासारखी आहे.

न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत सुमारे दहा लाख मुले. गोरगरिबांची, काळ्यांची, स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली, परदेशातून आलेल्यांची. एवढ्या मोठ्या कारभाराचा प्रमुख म्हणजे चॅन्सलर. त्याला लोक निवडून देत नाहीत, महापौर नेमतो. महापौर बदलला, मर्जी बदलली की चॅन्सलर बदलतो. तेव्हा या जागेवर रिचर्ड करांझा होते. मेक्सिकोतून आलेल्या कष्टकरी घराण्यातले, 2018 मध्ये ह्यूस्टनहून आलेले.

16 मार्च 2020 ला शाळा बंद झाल्या आणि 23 मार्चला घरबसल्या शिक्षण सुरू झाले. मध्ये फक्त एक आठवडा! लाखो मुलांकडे साधन नाही हे लक्षात आल्यावर शहराने इंटरनेट जोडलेले तीन लाख आयपॅड घेऊन वाटले. शाळेतले जेवण बंद पडले तर मूल उपाशी राहील, म्हणून चारशेहून अधिक ठिकाणी दिवसाचे तीन वेळचे अन्न बांधून देण्याची सोय केली. पुढे मोठ्या माणसांनाही ते मिळू लागले. नाव नोंदवा, दाखला आणा अशी भानगड नाही. हे आम्हाला मनापासून आवडले. आपल्याकडे दाखल्यावाचून घोटभर पाणी मिळणे मुश्कील.

पण खरी कहाणी पुढेच आहे. न्यूयॉर्कमध्ये ज्यांना घर नाही अशी हजारो कुटुंबे शहराच्या निवाऱ्यांत राहतात. त्यांच्या मुलांनाही आयपॅड मिळाले. आयपॅड होता, पण निवाऱ्याच्या खोलीत सिग्नलच नाही! तास चालू असताना चित्र गोठायचे, आवाज तुटायचा, मूल हजेरीतून गळायचे. कागदावर मात्र त्याला साधन दिल्याची नोंद पक्की. आयांनी तक्रारी केल्या, आश्वासने मिळाली. शेवटी नोव्हेंबर 2020 मध्ये लीगल एड सोसायटी या गरिबांना कायद्याची मदत करणाऱ्या संस्थेच्या वकिलांनी अशा आयांच्या वतीने शहरावर दावा लावला. प्रत्येक कुटुंब निवाऱ्यात वायफाय बसवा, ही मागणी.

दावा चालू असतानाच फेब्रुवारी 2021 अखेर करांझा यांनी राजीनामा जाहीर केला. साथीत जवळची अकरा माणसे गमावली, शोक करायला वेळ हवा, असे त्यांनी सांगितले. वर्तमानपत्रांत आणखी एक कारण आले. शाळांतला वर्णभेद मोडण्यावरून महापौर डी ब्लासिओ यांच्याशी त्यांचे खटके उडत होते. त्या शहरातल्या नामांकित हायस्कुलांत एका परीक्षेवर प्रवेश मिळतो. 2019 साली त्यांतल्या स्टायव्हेसंट या शाळेच्या 895 जागांवर काळी मुले निवडली गेली फक्त सात! करांझा या परीक्षेविरुद्ध उघड बोलत. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून तिथेही ओरड झालीच. आपल्या कानांना ती ओरड नवीन नाही.

15 मार्च 2021 पासून मीशा पोर्टर यांनी सूत्रे घेतली. ब्राँक्स भागात शिक्षिका, मुख्याध्यापिका असे करत वर आलेल्या या बाई. या पदावर बसलेली पहिली काळी स्त्री. आनंद वाटावा अशीच ही गोष्ट. पण त्यांनाही वर्ष पुरे मिळाले नाही. जानेवारी 2022 मध्ये नवा महापौर आला आणि सोबत नवे चॅन्सलर डेव्हिड बँक्स आले. ते 2024 च्या ऑक्टोबरमध्ये गेले.

आता पाहा. करांझा गेले आणि परीक्षेवरचे त्यांचे बोलणेही त्यांच्याबरोबर गेले. परीक्षा मात्र राहिली. उलट निवाऱ्यातल्या आयांचा दावा करांझांच्या काळात लागला आणि पोर्टर यांच्या काळात, एप्रिल 2021 मध्ये, त्यात तडजोड झाली. 31 ऑगस्ट 2021 पर्यंत सर्व कुटुंब निवाऱ्यांत वायफाय बसवण्याचे शहराला लिहून द्यावे लागले. साहेब बदलले, पण कोर्टातला कागद बदलला नाही. तो कुणाच्या टेबलावर नव्हता ना!

शाळा उघडल्या तेव्हाही एक गोष्ट दिसली. गोऱ्या घरांतली मुले पटापट वर्गात परतली. काळ्या आणि आशियाई घरांतल्या पुष्कळ आईबापांनी मुले घरीच ठेवली. साथीत काळ्या घरांतली माणसे अधिक गेली होती, आणि शाळेची हवा, साफसफाई यांविषयी वरून आलेल्या शब्दावर त्यांचा भरवसा नव्हता. भरवसा परिपत्रकाने येत नाही. सप्टेंबर 2021 पासून घरबसल्या शिकण्याची मुभा काढून घेतली, तेव्हा यांपैकी अनेक आया धास्तावल्या.

आणि ही योजना संपलेली नाही. आता तिथे फार बर्फ पडला तर घरून तास घेतात. फेब्रुवारी 2024 मध्ये अशाच एका दिवशी सकाळी असंख्य मुलांना यंत्रणेत शिरताच येईना. साथीला चार वर्षे होत आली तरी ही गत! आपल्याकडेही अतिवृष्टीत शाळा बंद राहतात आणि अभ्यास मोबाईलवर येतो. मोबाईल कुणाकडे आहे हे मात्र अजूनही कुणी विचारत नाही.

आपल्या हातात काय आहे? शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे सरकारी, मनपा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात पंचाहत्तर टक्के सभासद आईबाप हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आमच्या वस्तीत चार वर्षांपूर्वीपर्यंत ही समिती कधी बसते हे कुणाला ठाऊक नव्हते. सह्या घरपोच येत आणि घरपोच जात. चहा पिऊन सही करणाऱ्यांत आम्हीही होतो, हे लपवत नाही.

ती उपासिका आता त्या समितीत आहे. लिहिताना अडखळते, पण इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देत नाही आणि सहीही करत नाही. साधन नसलेल्या मुलांची यादी तिने इतिवृत्तात घालून घेतली. ठरावाला क्रमांक घेतला आणि नक्कल विहाराच्या कपाटात ठेवली. गेल्या जूनमध्ये मुख्याध्यापक पुन्हा बदलले. नव्या सरांनी विचारले, "कसली यादी?" बाईंनी पिशवीतून नक्कल काढून त्यांच्यापुढे ठेवली.