जुना वाडा आणि रात्रीची सोबत

राळेगणसिद्धीच्या बाजूला, पारनेर तालुक्यातल्या गावांतून, जुन्या आळीत एखादे घर असे दिसावयाचे: दगडी जोते, मातीच्या जाड भिंती, वर माळवद, आणि मागचे दोन खण पडल्यावर तेथे घातलेले पत्रे. मुलगे पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेले. घरात एक म्हातारी आणि तिच्यासाठी चोवीस तास ठेवलेली परगावची बाई. पंधरा दिवसांत ही बाई म्हणू लागते, "या घरात काहीतरी आहे." त्या 'काहीतरी'चा आम्हांला येथे विचार करावयाचा आहे. तो हसण्यावारी नेता येत नाही. बाईला जे ऐकू येते ते खरोखरच ऐकू येते.

प्रथम घराचे पाहू. हा मुलूख पर्जन्यछायेचा, कोरड्या हवेचा. उन्हाळ्यात दुपारी पत्रा हात लावू देत नाही, आणि रात्री तोच गार पडतो. दहा फूट लांबीचा लोखंडी पत्रा तीस अंशांनी निवला की सुमारे एक मिलिमीटर आखडतो. एक मिलिमीटर ते काय, असे कोणी म्हणेल! पण खिळ्यात अडकलेला पत्रा तेवढ्यासाठी ताणत राहतो आणि एकदम सुटतो. मध्यरात्री तो आवाज माथ्यावर कोणी पाऊल टाकल्यासारखा वाटतो. लाकूड दमटपणाने फुगते, सुकून आक्रसते. म्हणून तुळया कुरकुरतात. सांदीकोपऱ्यात उंदीर असतात, आणि उंदरांच्या मागे गव्हाणी घुबड येते. ते घुमत नाही, किंचाळते, फुसकारते. त्याची पिसे इतकी मऊ, की उडताना चाहूल लागत नाही. असा पांढरा चेहरा अंधारातून गेला तर धीट माणसालाही कापरे भरावे. मात्र उंदीर मारणाऱ्या या शेतकऱ्याच्या मित्राला हाकलू नये.

घराला भकासपणा येतो तो माणसांचा राबता तुटल्यामुळे. राळेगणातच यादवबाबांच्या देवळाची लाकडे एके काळी दारूच्या भट्ट्यांकडे गेली होती. सैन्यातून १९७५ साली परतलेल्या अण्णा हजारे यांनी पदरच्या पैशाने ते देऊळ नीट केले, आणि मुक्कामही तेथेच ठेवला.

आता आजींचे. दिवेलागणीला त्या कोपऱ्याकडे बोट दाखवितात आणि तेथे पोरे बसली आहेत म्हणतात. मोतीबिंदूने वा अन्य कारणाने दृष्टी फार मंद झाली, की मेंदू कधी कधी आपली चित्रे आपणच रचतो. जिनिव्हाचे पंडित शार्ल बॉने यांनी आपल्या आजोबांचा असाच अनुभव १७६० साली लिहून ठेवला. आजोबांची बुद्धी शाबूत होती, अधू झाले होते ते डोळे. स्मृतिभ्रंश असेल तर मनाचा गोंधळ संध्याकाळी वाढतो. पण कालपर्यंत बऱ्या असलेल्या आजी आज एकाएकी बरळू लागल्या, तर अंगातले पाणी कमी होणे, लघवीचा जंतुसंसर्ग, एखादे नवे औषध यांचा संशय धरावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. देवऋषी बोलावण्यात ती वेळ घालवू नये. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

राहिली ती बाई. तिचे कोणी पाहतच नाही. रात्रीतून चार-पाच वेळा आजींना उठवावयाचे, दिवसा स्वयंपाक आणि धुणे. अशा तुटक्या झोपेत एखाद्या पहाटे ती जागी होते तो हात हलत नाही, छातीवर कोणी बसले आहे, दाराशी सावली उभी आहे. स्वप्ने पडतात त्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. मन आधी जागे झाले आणि स्नायू मागे राहिले, की असे होते. थोड्या वेळात ते आपोआप सुटते. अपुरी झोप आणि उताणे निजणे यांनी ते वाढते. तेव्हा तिच्या भुताचा मोठा हिस्सा, आमच्या मते, तिला न मिळालेली झोप हाच आहे; आणि झोप देणे घरमालकाच्या हाती आहे.

घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला, पण रात्रीच्या विश्रांतीचे तास तो बांधून देत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या करारात आठवड्यातून सलग चोवीस तास सुटी सांगितली आहे. त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आजींच्या खोलीत रात्री मंद दिवा असावा. बाईचे अंथरूण पत्र्याखाली नको, माजघरात असावे. आणि मुलाने महिन्यातून चार रात्री येऊन आईजवळ निजावे. बाई तेवढी आपल्या घरी जाऊन झोपेल, आणि मागच्या खणावरचा पत्रा कोठे अडकतो तेही त्याला कळेल.