श्रावणातला मासळीचा वास

आमच्या घरी श्रावण पाळतात. महिनाभर मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यामुळे गेल्या श्रावणात एका सकाळी मधल्या खोलीत मासळीचा वास सुटला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आधी माझ्याकडेच संशयानं पाहिलं. खरं तर रत्नागिरीत या वासाचं नवल ते काय? मिरकरवाड्याकडून वारा सुटला की तो घरोघर फिरून येतो. पण त्या दिवशी पाऊस कोसळत होता, खिडक्या बंद होत्या आणि वास येत होता भिंतीतून. इस्त्रीच्या प्लगमधून!

तो प्लग आमच्या घरातला जुना दुखणेकरी. दोन वर्षं करकरत होता. जरा डावीकडे वाकवून दाबला की इस्त्री तापायची. सौ. म्हणायची, "अहो, वायरमनला बोलवा." मी म्हणायचो, "चालतंय ना?" आपली निम्मी घरं या 'चालतंय ना'वर उभी आहेत. कुठे प्लग सुतळीनं बांधलेला, तर कुठे प्लगच नाही. वायरची दोन टोकं सॉकेटमध्ये घालून वर काडेपेटीच्या काड्या खोचलेल्या.

मी वास घेत उभा असतानाच सात वर्षांची नात न्हाणीघरातून आली. ओला हात प्लगकडे नेत म्हणाली, "आजोबा, हा असा वाकडा करायचा असतो ना?"

मी एवढ्या जोरानं ओरडलो की पोर रडायलाच लागली. धावत जाऊन मेन स्विच बंद केला. पण तिचं काय चुकलं होतं? ही विद्या तिला मीच शिकवली होती.

दुपारी वायरमन आला. बोर्ड उघडला तर आत काळं पडलेलं सॉकेट, कडक होऊन तडकलेलं वायरचं आवरण आणि हिरवट गंज चढलेला सैल स्क्रू. त्यानं समजावलं ते असं. सॉकेटमधली पितळी पट्टी पिनेला घट्ट धरते. पकड ढिली झाली की वीज त्या फटीतून ठिणग्या पाडत जाते. ठिणगीनं पट्टी तापते, तापून आणखी ढिली होते, म्हणून आणखी तापते. आपल्याकडची खारी हवा आणि पावसाळी ओल या चक्राला हातभारच लावतात. प्लास्टिक आणि बेकेलाइट तापलं की कधीकधी जळक्या मासळीसारखा वास येतो, तो हाच.

"पण मग एम.सी.बी. का पडला नाही?" मी विचारलं.

"काका, तो जादा करंट गेला तर पडतो. तुमची इस्त्री नेहमीइतकाच करंट घेत होती. त्याला कसं कळणार?"

मग त्यानं अर्थिंगची वायर मागोवा घेत परसापर्यंत नेली. माडाच्या बुंध्याशी ती गंजून केव्हाच तुटली होती. "तिसरी पिन नुसती शोभेची होती," तो म्हणाला. ती जाड पिन लांब असते, म्हणजे प्लग घालताना जमिनीशी नातं सर्वांआधी जुळावं. आमच्याकडे जुळायला पलीकडे कुणी नव्हतंच! शिवाय आपली जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते. कोळसा-मीठ घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात तेव्हा पाणी ओतावं लागतं. झाडांना घालतो, त्याला विसरतो.

त्यानं आर.सी.सी.बी. नावाची पेटी बसवली. तिचं काम ऐकून माझ्यातला बँकवाला खूश झाला. जेवढी वीज बाहेर गेली तेवढीच परत आली का, एवढंच ती बघते. जमाखर्चात तीस मिलिॲम्पिअरचा फरक पडला, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून वीज जमिनीत जात असावी, की क्षणात पुरवठा तोडते. पण ढिल्या प्लगची ठिणगी तिलाही कळत नाही, कारण तिथे हिशेब जुळलेलाच असतो. तिथे राखणदार म्हणजे आपलेच कान, नाक आणि डोळे. करकर ऐकू आली, प्लग गरम लागला, बोर्ड पिवळा पडला की तो वापरणं त्या दिवशीच बंद. बटण चालू ठेवून प्लग घातल्यावर क्षणभर चमकतं, ते वेगळं. तरीही बटण आधी बंद करावंच. आणि पेट घेतलाच तर आधी मेन स्विच. पाणी मुळीच नाही.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीत दहा नवजात बालकं गेली. चौकशीत बोट विजेच्या बिघाडाकडेच गेलं. ती बातमी वाचून मी दिवसभर सुन्न होतो. आणि तरीही पुढे माझा प्लग करकरायला लागल्यावर दोन वर्षं वाकवत राहिलो.

बँकेत लेजर हातानं लिहायचे दिवस मी पाहिले आहेत. चार आण्यांचा फरक आला तर रात्री दहापर्यंत बसून शोधायचो. कारण लहान फरकामागे मोठा घोटाळा असू शकतो, हे साहेबांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. दुसऱ्याच्या पैशांसाठी पाळलेला तो नियम स्वतःच्या घरात माणसांसाठी मला पाळता आला नाही.

आता महिन्याच्या एक तारखेला त्या पेटीचं 'टेस्ट' लिहिलेलं बटण दाबून ती पडते का बघतो. नात आली असली की तो मान तिचा. ती स्टुलावर चढते, आणि मी काही बोलायच्या आतच दोन्ही तळवे पुढे करून म्हणते, "बघा आजोबा, कोरडे आहेत."