'परदेशी विद्यापीठाशी करार' : नर्सिंगला प्रवेश घेण्याआधी काय तपासायचे?

बारावीचा निकाल लागला की नर्सिंगच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. भंडारा असो, तुमसर असो की साकोली, आपल्या वस्तीतल्या अनेक मुली आणि आता मुलेही या क्षेत्राकडे वळत आहेत. नोकरी लवकर लागते, शिवाय परदेशाची वाट उघडते, ही त्यामागची आशा. याच आशेवर 'आंतरराष्ट्रीय विद्यापीठाशी करार' हे शब्द विकले जातात. धान विकून किंवा कर्ज काढून फी भरण्याआधी या शब्दांचा अर्थ समजून घेणे गरजेचे आहे.

करार म्हटले की त्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली म्हणजे सामंजस्य करार. दोन संस्था प्राध्यापकांची देवाणघेवाण, संशोधन, कार्यशाळा यासाठी कागदावर सही करतात. याचा शैक्षणिक उपयोग होऊ शकतो, पण त्यातून विद्यार्थ्याला परदेशी पदवीही मिळत नाही आणि व्हिसाही मिळत नाही.

दुसरी म्हणजे पदवीशी जोडलेली भागीदारी. यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम आहेत. त्यात तीन प्रकार आहेत. 'ट्विनिंग'मध्ये जास्तीत जास्त ३० टक्के क्रेडिट परदेशी विद्यापीठात मिळवता येतात, पण पदवी भारतीय संस्थेचीच असते. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांचे मिळून एक प्रमाणपत्र मिळते, तर दुहेरी पदवीत दोन्ही संस्था एकाच विषयाची आपापली पदवी देतात. परदेशी विद्यापीठ टाइम्स किंवा क्यूएस क्रमवारीत पहिल्या १००० मध्ये असावे लागते. परदेशी विद्यापीठाच्या नावाने फ्रँचायझी चालवायला या नियमांत परवानगी नाही. नर्सिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी संबंधित परिषदेची मान्यताही लागते.

तिसरी म्हणजे सरकार-सरकारमधला मनुष्यबळाचा करार. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी असा करार केला. सुरुवातीला १०,००० कुशल युवक-युवती पाठवण्याचे उद्दिष्ट ठरले. त्यात परिचारिका आहेत, तसेच इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरही आहेत. हा करार रोजगाराचा आहे, पदवीचा नाही. त्याचे नाव सांगून एखादी संस्था जास्त फी मागत असेल, तर त्या संस्थेचा या कराराशी नेमका काय संबंध, हे लेखी मागा.

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. परिचारिका म्हणून काम करायला पदवी पुरत नाही, नोंदणी लागते. आपल्याकडे कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता हवी. बी.एस्सी. नर्सिंग असेल तर विद्यापीठाची संलग्नताही हवी. राज्यातली बहुतेक कॉलेजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. परदेशात त्या देशाची नोंदणी पुन्हा करावी लागते. ब्रिटनमध्ये संगणकावरची परीक्षा, प्रात्यक्षिक परीक्षा आणि इंग्रजीची पात्रता लागते. अमेरिकेत एनक्लेक्स परीक्षा आहे. जर्मनीत इथली पात्रता तपासली जाते, जर्मन भाषा साधारण बी-२ पातळीपर्यंत यावी लागते आणि तफावत असेल तर परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण द्यावे लागते. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटनने एकमेकांच्या पदव्या मान्य करण्याचा करार केला, पण त्यातूनही नर्सिंग वगळलेले आहे. दोन देशांच्या सरकारांचा करार जिथे नोंदणी देऊ शकत नाही, तिथे कॉलेजचा करार ती कुठून देणार?

पैशांचा हिशोबही पाहू. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, दरवर्षी ७५ जागा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धही केंद्राच्या अनुसूचित जाती यादीच्या कक्षेत आहेत, त्यामुळे तिथेही अर्ज करता येतो. पण दोन्ही योजना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. म्हणजे सरळ मार्ग असा : मान्यताप्राप्त कॉलेजातून बी.एस्सी. नर्सिंग करा, महाडीबीटीवरून भारत सरकार शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप घ्या, अनुभव मिळवा आणि मग परदेशातल्या एम.एस्सी.साठी अर्ज करा. ज्यांना बारावीनंतर थेट जायचे आहे, त्यांच्यासाठी जर्मनीत तीन वर्षांचे नर्सिंग प्रशिक्षण आहे. त्यात दरमहा विद्यावेतन मिळते. तिथे खरी अट भाषेची आहे.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेही कराराने. बडोदा संस्थानने शिष्यवृत्ती दिली आणि शिक्षणानंतर दहा वर्षे नोकरीची अट घातली. कोण पैसे देणार, कोणते विद्यापीठ शिकवणार आणि बदल्यात काय द्यायचे, हे सारे आधीच स्पष्ट होते. आजच्या करारालाही हेच प्रश्न विचारायचे आहेत :

१. पदवी कोणते विद्यापीठ देणार?
२. दोन्ही कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे का?
३. करार किती वर्षांचा आहे आणि त्याची प्रत पाहायला मिळेल का?
४. जादा फी नेमकी कशाची? परत मिळेल का?
५. बाँड आहे का? मूळ कागदपत्रे कोणाकडे राहणार?
६. नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का?

गावागावांतल्या कार्यकर्त्यांना एक विनंती. जूनमध्ये विहारात एक बैठक घ्या. प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींना पालकांसह बोलवा, मोबाईलवर दोन्ही कौन्सिलच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या याद्या उघडा आणि प्रत्येकाच्या कॉलेजचे नाव शोधा. नाव सापडले नाही, तर त्या कॉलेजची फी भरू नका. जर्मन शिकायची इच्छा असणाऱ्यांची नावेही त्याच दिवशी लिहून घ्या. आपल्या मुली परदेशात जाव्यात, नक्की जाव्यात. पण घरावर कर्जाचा डोंगर ठेवून आणि हातात बिनकामाचे प्रमाणपत्र घेऊन नव्हे.

जय भीम!